भिंत आत घेताना

कल्पना करा, तुम्ही उताणे पडला आहात. पाठीखाली जुनी चटई, चटईखाली खडे, आणि नाकापासून वीतभर वर तुमच्याच घराची बैठकीची खोली. खोली, म्हणजे खरोखर खोली : तिच्यात सोफा आहे, जेवणाचं टेबल आहे, कालचा न विसळलेला कप आहे. ही सगळी खोली दोन लोखंडी दांड्यांवर गाडीच्या कुशीतून बाहेर सरकलेली आहे. मुक्कामाला पोचलं की बटण दाबायचं, ती बाहेर येते आणि घर ऐसपैस होतं. निघताना पुन्हा बटण दाबायचं, ती आत जाते आणि घराची गाडी होते. आता ती आत जात नाहीये. तुमच्या हातात पाना आहे. मागच्या दांडीच्या टोकाशी एक बोल्ट आहे. तो पाव फेरा फिरवायचा, सरपटत बाहेर यायचं, गुडघ्यांवर हात टेकून उठायचं, पायऱ्या चढून आत जायचं, बटण दाबायचं, आणि कान देऊन ऐकायचं. मग पुन्हा चटईवर.

आणि तुमची सत्तरी जवळ आली आहे.

बर्निस आजही सकाळपासून हेच करत होती. ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढायला आलेल्या गाड्या ऊन तापायला लागल्यावर एकेक करून उत्तरेला निघून गेल्या होत्या. त्यांच्यामागोमाग फिरता मेकॅनिकही गेला, कारण त्याचं पोट त्यांच्यावरच होतं. क्वार्ट्झसाइटच्या बाहेरच्या त्या मोकळ्या माळावर आता दोनच गाड्या उरल्या होत्या : बर्निसची, आणि शेजारच्या गॉर्डीची. गॉर्डी कॅनडाचा, दर हिवाळ्याचा शेजारी. त्याचा बर्फ अजून वितळला नव्हता, म्हणून त्याला घाई नव्हती. तो तसं सांगत तरी होता.

"काय बर्निसबाई, अजून पायच दिसतायत?" गॉर्डी हातात कॉफीचे दोन मग घेऊन लंगडत आला. त्याच्या खुब्यात नवा सांधा बसवला होता, त्यामुळे गाडीखाली शिरणं त्याच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

"वरचं धड बघायला तिकीट आहे," खालून आवाज आला.

"नको. कोणी विचारलं तर सांगेन, गाडीनं बाई गिळली, पाय तेवढे चवीला ठेवलेत. किती फिरवलास?"

"पाव."

"पाव म्हणजे पाव हं. काल तुझा पाव अर्ध्याएवढा होता."

"मी आयुष्यभर शाळेचं स्वयंपाकघर चालवलंय गॉर्डी. पाव किती असतो ते मला शिकवू नकोस."

"बरं बाई. बाहेर ये आधी. तू खाली असताना मी बटणाला हात लावणार नाही."

ती बाहेर आली. गॉर्डीनं आत जाऊन बटण दाबलं. मोटर गुरगुरली. पुढची कड शहाण्यासारखी आत सरकू लागली. मागची कड हातभर आली आणि उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर घासून तिनं असा काही चीत्कार केला, की माळावरचे दोन कावळे उडाले. सगळी खोली तिरकी झाली. गॉर्डीनं बोट उचललं आणि ती पुन्हा बाहेर नेली.

दुखणं एवढंच होतं. मागचा कोपरा खाली बसला होता. बोल्ट आवळून कोपरा उचलावा, तर खालची फट मिटायची आणि वरची उघडायची. वरचं रबर दुमडून आत अडकायचं. बोल्ट सैल करावा, की तळ पुन्हा पट्टीवर. दुपारपर्यंत बर्निसनं तो बोल्ट एवढ्या वेळा वरखाली केला, की तो मुळात कुठे होता हेच तिला आठवेना.

हे काम आजवर लाइलचं होतं. लाइल तिचा नवरा. गेल्या उन्हाळ्यात तो गेला, आणि त्यांची मुलगी ग्वेन विचिटाहून येऊन आईसमोर बसली होती. तेव्हा दोघींमध्ये ठरलं होतं : एक हिवाळा बर्निसनं एकटीनं करून बघायचा. गाडी एकटीनं लावता आली, राहता आलं, आवरून निघता आलं, तर पुन्हा कोणी काही बोलायचं नाही. नाही जमलं, तर गाडी विकायची आणि ग्वेनच्या घरातल्या मागच्या खोलीत जायचं. लावणं जमलं होतं. राहणंही जमलं होतं. निघणं अडलं होतं.

तिनं सँडविच अर्धं खाल्लं तोच फोन वाजला.

"आई, निघालीस?"

"निघतेय."

"हे तू परवाही म्हणालीस. खरं सांग, ती खोली अडकलीय ना? गॉर्डीनं मला सांगितलं."

बर्निसनं गॉर्डीकडे पाहिलं. गॉर्डी दूरचे डोंगर बघायला लागला.

"अगं, थोडी घासतेय. करतेय मी सरळ."

"आई, तुझा आवाज ऐक जरा. किती दमलीयस. हरलीस असं कोण म्हणतंय? मी शनिवारी येते, गाडी ओढून न्यायला माणूस बघते. तू फक्त हो म्हण."

बर्निसला हो म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. खांदे भरून आले होते, बोटांची साल निघाली होती, डोळ्यांत वाळू होती. ग्वेनच्या घराच्या भिंती जागच्या हलत नाहीत, हे त्या क्षणी तिला फार मोठं सुख वाटलं.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती गॉर्डीला म्हणाली, "चुगलखोर."

"मी तुझ्या बाजूचा आहे," तो म्हणाला. "पण मी तुला एकटीला सोडून गेलो आणि तू त्या गाडीखाली मेलीस, तर मला वाईट वाटेल. थोडंसंच, पण वाटेल."

तिच्यात हसायचंही त्राण नव्हतं. कोपऱ्याखाली सारायला काही सापडतंय का, म्हणून ती पायरीजवळची कचऱ्याची बादली उपसायला बसली. ती बादली तिनं भर हिवाळ्यात भरली होती. इथला रानउंदीर मोठा संसारी प्राणी. दिसेल ते ओढून आणतो, काटेरी निवडुंगाचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, चमचे, आणि गाडीखाली घर थाटतो. मग वायरी कुरतडतो. त्यामुळे गाडीखाली उंदराचं काही दिसलं की कोणी विचार करत बसत नाही. काठी घालायची आणि सगळं ओढून काढायचं. बर्निसनंही तेच केलं होतं. मागच्या कोपऱ्याखालचं घरटं तिनं धुऊन पुसून साफ केलं होतं आणि त्याचा तिला अभिमानही वाटला होता.

निवडुंगाच्या काट्यांमधून तिनं प्लॅस्टिकचा एक पांढरा तुकडा बाहेर काढला. मग दुसरा. मग एक हिरवा. एका बाजूनं उंदरानं कुरतडलेले, पण बाकीच्या कडा सरळ होत्या. कानस मारून गोल केलेल्या. पाठीला वाळलेली चिकटपट्टी.

"गॉर्डी, उंदीर कानस वापरतात का?"

"तुझ्याकडचे वापरत असतील. का गं?"

हिरव्या तुकड्यावर करपल्याचा अर्धा गोल डाग होता. तो डाग तिचा होता. युटामध्ये एकदा तिनंच घाईत गरम तवा त्यावर ठेवला होता. तो तिचा भाजी चिरायचा बोर्ड होता. पांढराही तिचाच, त्यावर तिच्या सुरीच्या रेघा होत्या. जवळजवळ दर हिवाळ्यात तिचा एक चॉपिंग बोर्ड नाहीसा व्हायचा, आणि दर वेळी लाइल म्हणायचा, "मागच्या मुक्कामाला विसरलीस. तुझं लक्षच नसतं." एका वर्षी तर तिनं गॉर्डीच्या बायकोवर संशय घेतला होता आणि महिनाभर तिच्याशी धड बोलली नव्हती.

गॉर्डीनं तुकडे हातात घेऊन एकावर एक ठेवले. ते नेमके बसले.

"खोली सरकायला लाइलनं कोपऱ्याखाली ठेवले असणार, आणि घरट्याबरोबर तू ते उपसलेस," तो म्हणाला. "या प्लॅस्टिकवर लोखंड घासत नाही, घसरतं. पण एवढे थर कशाला? एक पुरतो. कोपरा दर वर्षी आणखी खाली बसत असला पाहिजे. सोफ्याखाली काय ठेवलंयस तू?"

सोफ्याखाली तिचे दगड होते.

या माळावर दगड वेचणं हा सगळ्यांचाच नाद. पण बर्निसचा जरा जास्त. अकीक, जास्पर, पोटात स्फटिक दडलेले गोटे. पहिल्या हिवाळ्यात बुटाच्या खोक्यात मावले होते. आता सोफ्याखालचे दोन्ही कप्पे आणि टेबलाजवळच्या बाकाचं पोट गच्च होतं, सगळं त्याच मागच्या कोपऱ्यावर. यंदा एकटी होती म्हणून तिनं नेहमीपेक्षा जास्त आणले होते.

पुढचं काम साधं होतं आणि फार जड होतं. तिनं सूप करायच्या मोठ्या पातेल्यात दगड भरभरून बाहेर नेले आणि गाडीच्या दुसऱ्या अंगाच्या, चाकांच्या वरच्या तळकप्प्यात रचले. कप्पा भरला. उरलेले तिनं झुडपाशी ओतले, न बघता. गॉर्डीनं बाहेरच्या कडेला फळी टेकवून जॅक लावला आणि खोली केसभर उचलली. बर्निस पुन्हा चटईवर आडवी झाली, प्लॅस्टिकचे तुकडे नव्या चिकटपट्टीनं एकावर एक बसवले, पांढरे खाली, हिरवा वर. बोल्ट तिनं पुढच्या दांडीच्या बोल्टाशी मापून तेवढाच आणून ठेवला.

जॅक काढला. ती बाहेर आली. या वेळी आत जाऊन बटण तिनंच दाबलं.

मोटर गुरगुरली. पुढची कड निघाली, मागची तिच्याबरोबर निघाली. घासलं नाही. सोफा तिच्याकडे येत राहिला आणि शेवटी रबर दबल्याचा मऊ आवाज झाला. घर गाडीएवढं झालं. बाहेर गॉर्डीनं बॉनेटवर दोनदा थाप मारली.

बर्निस तिथेच, अरुंद झालेल्या जागेत, जमिनीवर बसली. आनंद व्हायला अंगात काही उरलं नव्हतं. फोन उचलून तिनं ग्वेनला सांगितलं, "आत गेली. उद्या सकाळी निघते." मग ग्वेन म्हणाली, "बरं, आई. सावकाश चालव."

गॉर्डी दारात येऊन टेकला. "ते झुडपाजवळचे दगड? चांगले आहेत काही."

"राहू देत."

"लाइल बडबड्या माणूस होता," तो म्हणाला. "कपाटाचं दार उघडं राहिलं तरी सगळ्या माळाला ऐकू जायचं."

"हो ना." बर्निसनं सालटी गेलेली बोटं चोळली. नळ ठिबकला तर तो बोलायचा, दिवा चालू राहिला तर बोलायचा. आणि या एका गोष्टीसाठी तो दर हिवाळ्यात उताणा पडला, बोर्ड कापले, कानस मारली, वर तिलाच विसराळू म्हणाला. "दगड जड झालेत, कमी कर, एवढंच म्हणायचं होतं रे. मी केले असते कमी. मग का नाही म्हणाला तो?"