पाद्रीबुवांची पद्धत, मॉरिसव्हिलमध्ये

न बोलावता गेले, तर किती दारे उघडतात? या एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी मी २००४ च्या हिवाळ्यात, अमेरिकेतील मॉरिसव्हिलमध्ये, माझा मुलगा समीर राहत असे त्या अपार्टमेंट संकुलाची पाहणी केली. (मूळ कारण असे की, समीर आणि सून मानसी सकाळी आठला कामावर जात आणि सायंकाळी सातपर्यंत मी फ्रीजशी बोलत असे.)

पद्धत माझी नव्हे. वाचनालयात एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रजी खेड्याचा इतिहास मिळाला. तेथील पाद्रीबुवा रोज घरोघर जात. घरात कोण, केव्हा असते, कोणाला काय दुखते, हे वहीत टिपत. तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या बाईला याहून सोपे ते काय!

"आई, इथे फोन केल्याशिवाय कुणाकडे जात नाहीत गं!" समीर म्हणाला.

"पाद्रीबुवांकडे कुठे होता फोन?"

आठवडाभरात बारा दारे वाजवली. पाच उघडली! नोंदी चोख केल्या आणि वही संकुलाच्या सामायिक कपडे धुण्याच्या खोलीत विसरले.

शुक्रवारी सर्व रहिवाशांना क्लबहाउसमध्ये तातडीने बोलावले गेले. मी चिवड्याचा डबा घेऊन आनंदाने पहिल्या रांगेत बसले. (इतकी माणसे एकत्र पाहून चार महिने झाले होते!) मॅनेजरबाईंनी एक संशयास्पद वही समीरच्या हाती दिली. "लिपी तुमच्याकडची दिसते. जरा इंग्रजीत सांगता?"

अक्षर पाहताच समीर पांढराफटक. "आई, हे काय?"

"वाच की. स्पष्ट वाच."

"१०३: दोघेही नोकरीला, दिवसभर घर रिकामे. १०७: कुत्रा मोठा, पण चावत नाही. १११: आजीबाई एकट्या, ऐकू कमी येते."

कोणीतरी "पोलीस!" म्हणाले. मी वर्गातल्यासारखा हात वर केला. "वही माझी आहे."

समीर पुढच्या ओळीवर अडखळला. ते आमचे घर होते. "२१४: म्हातारी एक. प्रकृती ठीक. सातपर्यंत बोलायला कोणी नाही."

तेवढ्यात १११ च्या आजीबाईंनी खणखणीत आवाजात विचारले, "काय म्हणाला तो?"

समीरला ती ओळ पुन्हा, ओरडून सांगावी लागली.

सोमवारी सकाळी दहाला आमची बेल वाजली. न बोलावता! दाराच्या भिंगातून फक्त टोपी आणि मफलर दिसला. अनोळखी माणसाला दार उघडायचे नाही, ही समीरची सक्त ताकीद. मी श्वास रोखून उभी राहिले. पावले दूर गेल्यावर दार उघडले, तर पायपुसण्यावर केक आणि चिठ्ठी: "तुम्ही 'या' म्हणाला असाल, तर मला ऐकू आले नाही. १११."

निष्कर्ष: बारापैकी पाच दारे उघडतात; पाहणी करणाऱ्या बाईंचे उघडत नाही. नमुना लहान आहे. वाचकांनी आपापल्या वसाहतीत स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती.