गणपतीच्या मागची भिंत

मालवणच्या माणसावर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही ताट मांडून बसला असणार. आता बांगडा येईल, सोलकढी येईल, मग एखादा फटकळ म्हातारा खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देईल आणि शेवटी आतून प्रेमळ निघेल. तर ताट उचला. आमच्या ड्रॉइंग सरांना मासे बाधायचे. आणि शिवी द्यायची वेळ आली की ते आधी इकडेतिकडे बघून घ्यायचे, तोवर ज्याला द्यायची तो निघून गेलेला असायचा.

सरांची खरी खासियत वेगळी. सर ख्रिश्चन, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. पण चतुर्थीत हिंदूंच्या घरांतून सर जेवढे हिंडायचे तेवढे भटजीही हिंडत नसतील. यायचे, चपला काढायचे, गणपतीला हात जोडायचे आणि मग मान वाकडी करून बाप्पाच्या खांद्यावरून मागे बघायचे. घरातली नवी सून घाबरायची, मागे पाल बसलीय की काय. सर तिला समजावायचे, "देव दरवर्सा तोच आसता गो. मागची भिंत नवी आसता."

आमच्याकडे गणपती बसतो त्याच्या मागची अख्खी भिंत रंगवतात. चतुर्थीच्या आधी गावातला पेंटर घरोघर फिरतो. गेल्या वर्षीच्या चित्रावर पांढरा हात मारायचा, तो सुकला की त्यावर नवं चित्र. कुणाकडे हिमालय, कुणाकडे कमळ आणि दोन हंस, कुणाकडे मोर. मोराची मान कधीकधी बगळ्यासारखी, पण चतुर्थीत कोण बोलणार. बाकी लोक आरती, मोदक, भजनाला जायचे. सर प्रदर्शनाला जायचे. प्रदर्शन गावभर पसरलेलं आणि प्रत्येक चित्रापुढे चहा.

शाळेत मी सरांची नक्कल करायचो. खाकरायचं, चश्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, "हं. बघ. परत बघ." एकदा सर मागे उभे होते. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज बरो जमलो. पण मी असां म्हणतंय तेव्हा खंय तरी बघत आसतंय. तू खंय बघत होतंस?" त्या दिवसापासून सरांनी मला धरलं. शाळा सुटली, सर रिटायर झाले, मी कॉलेजला गेलो, लग्नांत माईक धरून लोकांचे आवाज काढायला लागलो, तरी धरलेलं सुटलं नाही. सरांची स्कूटर बिघडली की माझी बाईक, आणि सरांची स्कूटर कायम बिघडलेली.

गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये कुणाचं प्रदर्शन लागलं की सर आत शिरून दारातच थांबायचे. सगळे एखाद्या मोठ्या समुद्राच्या चित्रापुढे गर्दी करून असायचे. सर शोधायचे ते ज्याच्यापुढे कुणी नाही असं चित्र. कोपऱ्यातलं, पंख्याच्या बटणाखालचं. त्याच्यापुढे जाऊन आधी उभे राहायचे. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "लग्नात कोण एकटो बसललो दिसलो तर तू आधी तेच्याकडेच जातंस मा?" मी जात नाही, मी जेवणाकडे जातो. पण तेव्हापासून हॉलमध्ये गेलो की माझे पाय आपोआप कोपऱ्याकडे वळतात.

मग बंदराच्या रस्त्यावर मुंबईची मुलं येऊन भिंती रंगवून गेली. कासव, डॉल्फिन, आणि एक भलीमोठी मासेवाली, नाकात नथ, डोळे हरणासारखे. पर्यटक तिच्यासमोर फोटो काढायला लागले. सर गेले ते सकाळी, खऱ्या बायका त्याच भिंतीखाली टोपल्या घेऊन बसतात तेव्हा. एकीला म्हणाले, "कशी काढलीहा गो तुका?" ती मान वर न करता म्हणाली, "ती मी नाय. तिच्या टोपलेत एकय बांगडो नाय, हसता कित्याक मग?" सर हे दिवसभर सांगत सुटले. मुलांना नावं ठेवायला नव्हे. रंग लावलाय तो जीव लावून, म्हणायचे. पण त्या बाईने चित्र बघितलंय ह्याचा त्यांना जास्त आनंद. मलाही सर तसंच फिरवायचे: होडीच्या पुढच्या नाळेवरचा डोळा बघ, सलूनच्या काचेवरचा नट बघ, देवगडच्या पेटीवरचा आंबा बघ. बघ. परत बघ.

ह्या सगळ्यांत सरांचा लाडका एकच, बाबल पेंटर. एरवी होड्यांवर नावं लिहायचा आणि चतुर्थीआधी भिंती. सत्तरी ओलांडलेला, बोलायला कंजूष. एके वर्षी जवळच्या धामापूरला, सगळे जिला काकी म्हणतात तिच्याकडे बाबलने काय काढलं, तर काकीचंच मागचं परसू. चार पायऱ्या, केळी, वाळत घातलेली चादर आणि पाण्याचा पंप. काकी आम्हाला दारातच म्हणाली, "मी तेका हिमालय सांगललंय. देवाच्या पाठी पंप काढल्यान मेल्यान." आम्ही आत गेलो. असं वाटत होतं की कुणीतरी भिंत काढून ठेवलीय आणि गणपती मागच्या दारात हवेला बसलाय. सर खाकरले नाहीत. चश्मा वर गेला नाही. चहा गार झाला. परत येताना बाईकवर मागे बसून फक्त एवढंच म्हणाले, "बाबलान हात धुवन घेतल्यान रे." म्हणजे काय ते मला आजही सांगता येणार नाही, पण कळलं होतं.

वर्ष गेलं. चतुर्थी आठवड्यावर आली. बंदरावर बसलो असताना सर म्हणाले, "काकीची भिंत आता जातली." डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. ती भिंत वाचली पाहिजे, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

आमच्याकडे मालवणीत कोणी काही सांगितलं तर आम्ही वाद घालतो. शुद्ध मराठीत सांगितलं की उभे राहतो. मी मित्राचा फोन घेतला, नाक जरा चोंदवलं आणि काकीला फोन लावला. "नमस्कार. जिल्ह्याच्या ऑफिसातून बोलतोय. आपल्या घरातील भित्तिचित्राची दखल घेण्यात आलेली आहे. सदर भिंतीस हात लावण्यात येऊ नये. पाहणीसाठी साहेब येणार आहेत." पलीकडून काकी एवढंच म्हणाली, "होय साहेब." ती उभी राहिलेली मला फोनवरून ऐकू आली.

दोन दिवसांनी मी सरांकडे चहा पीत होतो. बाबल आला. खांद्याला ब्रशांची पिशवी, गाठ सुटलेली नव्हती. दारातच बसला.

"काकीन माका भायरच्या भायर धाडल्यान," म्हणाला. "साहेबान सांगल्यान, भिंतीक हात लावचो नाय."

"खंयचो साहेब?" सर म्हणाले.

"काय म्हायत. दर बोलण्याक 'आलेली आहे, आलेली आहे' करी होतो म्हणता."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बशीकडे बघितलं.

बाबल पुढे बोलत होता, एवढा बोलताना मी त्याला ऐकला नव्हता. "वाडीत आता सगळ्यांकडे छापील फ्लेक्स. खिळे मारले काय झाला. काकीचां एकच घर रवलेलां. एक चित्र वरसभर डोळ्यात घेवन फिरतंय सर. आता खंय काढू ता?"

सरांनी कप खाली ठेवला, रिक्षा बोलावली, आणि आम्ही तिघे धामापूरला निघालो.

काकीने भिंतीवर चादर टांगली होती. गणपतीचा चौरंग दुसऱ्या कोपऱ्यात मांडला होता, कोऱ्या भिंतीपुढे. "साहेब येतले मा," ती म्हणाली. शेजारपाजारी सांगूनही झालं होतं.

"बाय, साहेब इलो," सर म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

काकीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ह्यो? आवाजावरना माका वाटलां कोणतरी जाडो आसतलो."

सरांनी चादर काढली. चित्र बघितलं, एकदाच, पण पुरतं. मी खिशातून मोबाईल काढला, फोटो तरी घ्यावा म्हणून. सरांनी तो माझ्या हातातून घेऊन काकीच्या कपाटावर ठेवला. मग बाबलला म्हणाले, "पयलो हात माका मारूक दी." बाबलने पांढरा रंग कालवला आणि ब्रश दिला. सरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पायऱ्यांपासून सुरुवात केली. पायऱ्या गेल्या. केळी गेल्या. वाळत घातलेली चादर गेली. मागे दारात उभी राहून काकी डोळे पुसायला लागली, वर्षभर पंपाला शिव्या देणारी काकी.

"सर, वायच पंप तरी ठेवा."

"बाय, पंप भायर आसा," सर म्हणाले आणि ब्रश फिरवला.

पुढच्या थंडीत सर गेले. गावात त्यांच्या आठवणी सांगायच्या म्हणून मला माईक दिला तेव्हा सगळ्यांना नक्कल हवी होती, ती केली. पण त्या दिवशी रंग सुकत असताना काकीच्या खळ्यात उभं करून सरांनी जे सुनावलं ते मी माईकवर सांगितलं नाही. इकडेतिकडे न बघता बोलले होते.

"माझ्या डोळ्यांत पाणी इलां म्हणान तू फोन केलंस? येतला पाणी. आवडलेलां जाता तेव्हा येता. तेका औषद नको होता रे. ता चित्र माका आवडलां, पण भिंत माझी नाय, काकीची पण नाय. चतुर्थीच्या आधी ती बाबलची. म्हातारो वरसभर एक चित्र सांभाळून हयसर इलो आणि तू तेका दारातना परत धाडलंस, ता पण हापिसातल्या साहेबाच्या आवाजात. जुना चित्र वाचवलंस आणि काढणाऱ्याक उपाशी ठेवलंस. गाढवा, माका दुख झालां तर होवदे. तेका भिंत मिळाक होयी." मग खांद्याला धरून मला दाराकडे वळवलं. "आता आत जा. बाबल काय काढता ता बघ. मदे बोलू नको. कोणाच्याच आवाजात."