साप कोणी पाहिला होता?

ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मूर्तिजापूरजवळच्या एका गावात कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने आत्महत्या केली. आम्ही मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल केली. तोच ठाण्यात निनावी फोन आला, त्याच्या वर्गमैत्रिणीने त्याला छळलं, तिला उचला.

महिला अंमलदाराने त्या मुलीची तिच्या आईसमोर चौकशी केली. "मॅडम, तो लय दिवसापासून झोपतच नव्हता. मीच त्याले म्हनलं, डॉक्टरले दाखव," ती म्हणाली. तिचा फोन तपासला, छळाचा मागमूस नव्हता. त्या निनावी बहाद्दरापायी एका पोरीचं फुकट वाटोळं झालं असतं.

वडिलांचा जबाब घ्यायला घरी गेलो. भिंतीवर हार घातलेले दोन तरुणांचे फोटो होते, एक वडिलांचा भाऊ, दुसरा त्यांचा काका. दोघांनाही म्हणे साप चावला. वऱ्हाडात साप चावतो यात नवल नाही, पण सापाचा विषय निघाला की आपली माणसं तासभर थांबत नाहीत. कोणता साप, शेताच्या कोणत्या धुऱ्यावर, सगळं सांगतात. इथे मात्र सगळे गप्प. माझं कुतूहल चाळवलं. मृताच्या आत्याबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "साप कोणी पाहिला होता?"

त्या रडायलाच लागल्या. "कोनीच नाही, साहेब. दोघायनंही सोताच जीव देल्ला. खरं सांगितलं असतं तं या घरच्या पोरीले कोनं करून नेलं असतं?"

आता घरची पोर म्हणजे मृताची धाकटी बहीण. तिची सोयरीक जुळत होती आणि तिचीही झोप उडाली होती.

अकोल्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना मी फोन लावून तिच्याबद्दल सांगितलं. "डॉक्टर, हे रक्तातून येतं?"

"मरण येत नाही," ते म्हणाले. "धोका वाढू शकतो. मेंदूतली रसायनं, झोप, ताण झेलायची ताकद, यांत घराण्याचाही वाटा असतो. पण नुसत्या तेवढ्यावर काही ठरत नाही, आणि उपचार आहेत. तिला आजच आणा."

वडील अडून बसले. "लोकायले समजलं तं?"

माझा पारा चढला. "लोकांचं नंतर पाहू. आधी पोरगी पाहा!"

शेवटी आत्याबाईच तिचा हात धरून गाडीत बसल्या. वडील मागून आले.

डॉक्टरांनी तिला सरळच विचारलं, मरणाचे विचार येतात का? ती म्हणाली, "मले वाटे, आता माहीच पाळी हाय." दारात उभे असलेले वडील आत येऊन तिच्याशेजारी बसले.

पोरगी उपचारांनी सावरली, आता तिवस्याला शाळेत शिकवते. घरात साखरेचा आजार असला तर आपण पोरांचं रक्त तपासतो, मग हेच का झाकायचं? पुढे अशा प्रत्येक मर्गात पंचनामा आटोपला की मी विचारत असे, "घरात अजून कोणाला झोप लागत नाही?" बऱ्याच घरांत कोणीतरी हळूच मान खाली घाली.