बाभळीवरच्या डबीनं ऐकलेलं

आमच्या माळावरच्या बाभळीला शहरातल्या मंडळींनी एक हिरवी डबी बांधली. ती पाखरांचे, लांडग्यांचे आवाज साठवते आणि कोणता आवाज कुणाचा हे संगणक स्वतःच ओळखतो, असं त्यांनी सांगितलं होतं. पाखरांसाठी आहे म्हटल्यावर मी तिच्याकडं लक्षच दिलं नाही.

दुपारी शेळ्या घेऊन मी त्याच बाभळीखाली बसते. घरात माझा शब्द घशातच राहतो. माळावर कुणी नसतं, म्हणून पांढऱ्या शेळीपाशी बोलते. तेव्हा सासूबाई माझ्या मुलीची सोयरीक वन्संच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, मुलाशी जुळवत होत्या.

एकदा त्या मंडळींनी गावाला मारुतीच्या देवळात बोलावलं आणि डबीतले आवाज ऐकवले. टिटवी ओरडली तसा एक म्हातारा म्हणाला, "ही तर आमच्या म्हातारीवानी केकाटती की!" सगळे हसले. मीही पदराआड हसले. मग शहरातल्या मंडळींपैकी एक बाई म्हणाल्या, "हे यंत्र माणसाचा आवाजही वेगळा काढतं." त्यांनी बटण दाबलं.

कर्ण्यातून मीच बोलायला लागले.

"पोरीला त्या घरात कशी देऊ गं? वन्संनी पाठ दावली मला. काळीनिळी झालीया. नवरा पट्ट्यानं मारतोय. पोरगं बी बापावरच गेलंय..."

बाईंनी घाईघाईनं आवाज बंद केला. त्यांचा चेहरा उतरला होता. नाव कुणाचंच आलं नव्हतं, पण शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माझा आवाज ओळखला.

"माझ्या लेकीला मारतोय?"

वन्संनी मला शपथ घातली होती, आईला कळू देऊ नको म्हणून.

"बोल की. शेळीला सांगतीस, मला न्हाय?"

"व्हय. मारतोय."

एवढंच निघालं. सासूबाई उठल्या आणि चपला तिथंच सोडून घरी गेल्या.

त्या बाई नंतर दारात आल्या. माफी मागितली, आवाज पुसून टाकला म्हणाल्या. मला त्यांच्याकडं बघवेना. माझं आतलं बोलणं अख्ख्या गावानं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी टॉवेलच्या कारखान्यातली पाळी बुडवली आणि करमाळ्याहून बहिणीला घेऊन आले. वन्सं उंबऱ्यातच थांबल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कुणाला सांगितलंस, वैनी?"

"शेळीला," मी म्हणाले.

त्यांना काही कळेना. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "सोयरीक मोडली म्हणून समज. तू आधी आत ये. पाठ दाव मला."