मेहुण्याची बुरशी

बुरशीला माझ्या मेहुण्याइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडायचा नाही. बायकोचा हा धाकटा भाऊ घाटकोपरला आमच्याकडे आला की चपला काढून थेट फ्रिज उघडतो आणि कोपऱ्यात विसरलेलं, बुरशीने हिरवं पडलेलं लिंबू दिसलं की त्याचा चेहरा फुलतो. प्रयोगशाळेत त्याचं कामच ते. जिवाणू जमून स्वतःभोवती चिकट थर बांधतात, त्या थरात औषध शिरत नाही, आणि बुरशीतली काही एन्झाइम्स तो थर सोडवतात, असं तो सांगतो. सांगायला त्याला काळवेळ लागत नाही. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात त्याने व्याह्यांना ऐन श्रीखंडावर विचारलं, "सकाळी दातांवर जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं ना? तोच तो थर!" व्याह्यांनी वाटी बाजूला सारली.

माझ्या आईचं आणि त्याचं कधी जमलं नाही. त्याने आमच्या फ्रिजमध्ये जपून ठेवलेला बुरसटलेला पाव तिने एकदा कचऱ्यात टाकला. कचऱ्याची गाडी कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडला निघालेली, तर हा पठ्ठ्या रिक्षा करून तिच्या मागे! पाव मिळाला नाही, अबोला मात्र महिनाभर टिकला.

मग आईच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मधुमेहामुळे ती काही केल्या भरेना. डॉक्टर अंगठा काढायची भाषा करू लागले, तेव्हा आम्ही सगळेच हादरलो. आईने स्वतः मेहुण्याला बोलावलं आणि पाय पुढे केला. "लाव रे बाबा तुझी ती बुरशी. माका माझो अंगठो व्हयो."

ऊठसूट बुरशीचे गोडवे गाणाऱ्या या माणसाने चक्क नकारार्थी मान हलवली. "नाही आई. ती अजून काचेच्या ताटलीतच काम करते. तुमच्या पायावर प्रयोग करायची माझी हिंमत नाही." दुसऱ्याच दिवशी तो तिला चेंबूरच्या एका सर्जनकडे घेऊन गेला. त्यांनी जखम खरवडून जिवाणूंचा तो चिकट थर काढला, औषध बदललं. पुढच्या प्रत्येक ड्रेसिंगला मेहुणा रजा टाकून हजर. जखम हळूहळू भरत आली आणि अंगठा वाचला. हुश्श! त्या दिवशी घरातली सगळी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

परवा तो आला, तेव्हा आईने डब्यातून बुरशीने हिरवंगार झालेलं एक लिंबू काढलं. "तुझ्यासाठी ठेवलंय हां. कोणाक हात लावूक दिलंय नाय."

असली लिंबं त्याच्याकडे ढीगभर असणार. तरी त्याने ते रुमालात जपून गुंडाळलं. निघताना नमस्काराला वाकला, तो त्या अंगठ्याकडे बघत तसाच राहिला. "एक दिवस माझी बुरशी पण कुणाचा तरी पाय वाचवेल, आई."

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तवसर मी असान की नाय, ठाऊक नाय. पण लिंबां ठेवतंय."