फोर्कवरची पट्टी

रविवारच्या यादीतलं माझं पहिलं काम ठरलेलं आहे. ह्यांच्या डोंगरी सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा दांडा, पुसायचा आणि आत चिखल जाऊ नये म्हणून त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी बांधायची. हे दोन वर्षं अंथरुणावर आहेत, तरी मी एकही रविवार चुकवला नाही. आज फोर्क दाबला, तर खाली गेला आणि वर आलाच नाही. सायकल दुकानात नेली. मेकॅनिकने फोर्क उघडून पाहिला.

"वहिनी, आत चिखलाचा कणही नाही. तेल धरणारे रबरी सील वाळलेत. सायकल चाललीच नाही, तर तेल फिरणार कसं?"

चिखलापासून जपता येतं. नुसतं पडून राहण्यापासून कसं जपायचं, ते माझ्या कुठल्याच यादीत नाही.

मी घरी येताच ह्यांनी विचारलं, "पुसलास का गं फोर्क?"

"चकचकीत," मी म्हणाले आणि त्यांचे पाय चोळायला बसले. यादीत पुढचं काम तेच होतं.