उधना-नंदुरबार गाडीला मी तेल पाजलं

हसायचं असेल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. मागून म्हणाल, आप्पानं सांगितलं नाही आणि शर्टावर सांडला. माझी जी फजिती झालीय ती मी घरी बायकोला सांगितली नव्हती. तिला भाजीवालीनं सांगितली! म्हणजे सुरतेच्या ह्या अख्ख्या गोडादऱ्यात कुठवर पोचली असेल ते बघा.

तर आम्ही तिघं म्हातारे आगगाडी चालवतो. टेबलावरची. छोटी.

हसलात ना? हसा. माझा मुलगाही हसतो. पण नटुभाईसमोर तिला खेळणं म्हणू नका, तो जिन्यावरून ढकलून देईल. मॉडल म्हणायचं.

नटुभाई म्हणजे सुरतेचाच गुजराती माणूस. जन्मभर हिरे घासले, आता डोळे अधू झालेत पण बोटं शाबूत आहेत. त्याच्या गच्चीवरच्या खोलीत ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवूडचं टेबल, त्यावर रूळ. इंजिन विकतचं. विजेवर चालतं आणि वीज रुळांतूनच चाकात चढते. डबे मात्र साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून नटुभाईनं केलेले. दुसरा भीमराव, जालन्याकडचा गवंडी. आणि तिसरा मी, खान्देशी. चौथीतच शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते आता आठवत नाही. सुरतेला आलो, कापड विणायच्या लूमच्या खात्यात शिरलो, तो कानाचे पडदे फाटेस्तोवर लूमच चालवत राहिलो.

आमची गाडी टेबलाच्या ह्या टोकाला उधन्याहून सुटते, मध्ये बारडोली लागते, त्या टोकाला नंदुरबार. बारडोलीला साखर कारखानाही आहे, धुराड्यासकट. आणि कारखान्यामागे भीमरावनं उभा केलाय डोंगर! सिमेंटचा! रूळ त्याच्यावर चढून माथ्याच्या बोगद्यातून जातात, त्यावर देऊळ. टेबल वाकलं त्याच्या वजनानं.

"अरे भो, बारडोलीत डोंगर कुठे आहे?" मी विचारलं.

"न्हाई ना? म्हणून तर केलाय," भीमराव म्हणाला. "सपाट तर माझं नशीबच हाय. गाडीत बसून पुन्हा सपाटच बघू व्हय?"

आमचे कायदे कडक. हिरव्या झेंडीशिवाय गाडी हलणार नाही. ज्याच्या हातून गाडी घसरेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. आणि रुळांना हात फक्त नटुभाईचा. रोज सकाळी तो कोरड्या फडक्यानं रूळ पुसतो, अगदी हिरा पुसल्यासारखे. दुसऱ्यानं बोट लावायचं नाही.

हा तिसरा कायदा ध्यानात ठेवा.

नटुभाईची सून हेतल. साड्यांना लेस लावायचं काम घरी घेते. मराठी शेजारात वाढलेली, त्यामुळे मराठीत फर्मास भांडते. एक दिवस ती वर आली आणि म्हणाली, "पप्पा, मला तिसरं मशीन आणायचंय. खाली जागा नाही. ही खोली पाहिजे."

नटुभाईच्या हातातून झेंडी पडली.

"बेटा, पण आमारी गाडी?"

"कसली गाडी, पप्पा? मी जेव्हा जेव्हा चहा घेऊन आले, तेव्हा ती आडवीच पडलेली दिसली. चालताना कोणी बघितलीय?"

आता हिला काय सांगणार? चहा आलाय म्हटलं की नटुभाईचं लक्ष उडतं आणि गाडी घसरते, त्यात गाडीचा काय दोष?

शेवटी तीच म्हणाली, "रविवारी मी येऊन बसते. गाडी नंदुरबारला जाऊन परत आली, तर खोली तुमची. नाही आली, तर सोमवारी टेबल बाहेर."

ती गेली आणि आम्ही तिघं टेबलाला धरून बसलो. तुम्ही म्हणाल, खोलीच तर आहे. अहो, माझ्या घरी मी खाटेवर बसलो तर सून म्हणते, आप्पा, जरा सरका, झाडायचंय. सरकलो तर नातू म्हणतो, आप्पा, टीव्ही दिसत नाही. भीमराव तर लेकाच्या घरी बोळातच झोपतो, येणारा-जाणारा त्याला ओलांडतो. ह्या सुरतेत आम्हाला कोणी सरका म्हणत नाही अशी ती एवढीच जागा! ती गेली की आम्ही कुठे जायचं, सांगा?

शनिवारी दुपारी गाडी झकास चालली होती. खोटं कशाला बोलू? नुसती वळणावर चुईं करायची. तरी नटुभाई आणि भीमराव खुशीत नानखटाई आणायला गेले. नटुभाईचा बेत असा की डब्याडब्यात एकेक नानखटाई ठेवायची, गाडी परत उधन्याला आली की हेतलनं स्वतःच्या हातानं पहिली उचलायची. नटुभाई म्हणजे लाडीगोडीत एक नंबर.

मी खोलीत एकटा. आणि ती चुईं माझ्या कानात.

तुम्ही लूम चालवला नाही, तुम्हाला कळणार नाही. मशीन आवाज करतं म्हणजे तेल मागतं. खात्यात शिरलो त्या दिवशी मास्तरनं पहिला धडा हाच दिला. तेव्हापासून लांब चोचीची तेलाची कुपी माझ्या शर्टाच्या खिशात असते. लूम सुटला, कुपी सुटली नाही. घरातल्या बिजागऱ्या, शेजाऱ्याची सायकल, पाळणा, सगळ्यांना पाजतो. नातवाचा बूट वाजायचा, त्यालाही एकदा पाजलं होतं.

मग मी गाडीला उपाशी ठेवीन का?

इंजिनाला दिलं. डब्यांच्या चाकांना दिलं. मग मनात आलं, चाक फिरतं कशावर? रुळावर. मग रुळानं काय घोडं मारलंय? पार उधन्यापासून नंदुरबारपर्यंत, डाव्या रुळाला, उजव्या रुळाला, एकसारखी धार. कसे चमकत होते म्हणून सांगू! नवरदेवासारखे!

ते दोघं आले. भीमरावनं हिरवी झेंडी हलवली. नटुभाईनं तोंडानं शिट्टी मारली, वीज दिली.

चाकं गरगर फिरायला लागली. गाडी जागच्या जागी उभी.

"शुं थयुं?" नटुभाई घाबरला. "आत्ता तो चालती होती!"

"इंजनातला दमच गेलाय," भीमराव म्हणाला.

"इंजिनाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. मला खातरी होती ना, मीच तेल दिलेलं! "सगळा दोष तुझ्या डोंगराचा. चढ जास्त आहे."

"आरं पण गाडी उधन्यातच उभी हाय की! डोंगर बारडोलीत हाय!"

"म्हणून तर! समोर एवढा डोंगर दिसला की कोणाचेही पाय गळतात."

आता हे बोलणं डोक्यात भुसा भरलेल्या माणसालाही पटलं नसतं. पण माझा आवाज लूमच्या खात्यात कमावलेला, मोठ्यानं बोललो की समोरच्याला खरंच वाटतं. नटुभाईनं मान डोलावली. भीमरावनं डोळे मिटले, हातोडा उचलला आणि आपल्या हातानं आपल्या डोंगराचं शेंडकं उडवलं. बोगदा गेला, वरचं देऊळ गेलं. बिचारा नंतर सिमेंटचे तुकडे टोपीत गोळा करत होता.

गाडी तरी हलेना!

नटुभाईनं इंजिन उलटं करून चष्म्याला लावलं. "अरे, आमां तो बहु तेल छे! कंपनीवाळ्याने भरपूर दिलंय."

मी मनात म्हटलं, कंपनी कुठली, आपण दिलंय. पण आपल्या चांगल्या कामाचा डंका पिटायचा माझा स्वभाव नाही.

"रूळ पुसून बघू का?" भीमराव म्हणाला.

"सवारे, सकाळीच मी पुसले ना," नटुभाई म्हणाला. "रुळाला दुसरा कोण हात लावतो?"

मी छताकडे बघितलं.

रविवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन पोचलो. का? अहो, गाडी अजून अडत होती, म्हणजे काल तेल कमी पडलं! दुसरा अर्थ काय निघतो? मग मी हात सैल सोडला. अर्धी कुपी रिकामी केली. आणि ते दोघं आल्यावर वर त्यांनाच झापलं, "तुमच्या हाताला यश नाही. मी नसतो तर ही गाडी कधीच भंगारात गेली असती!"

नटुभाईनं आज विजेचं बटण शेवटपर्यंत पिळलं. भीमरावनं मागून हळूच बोट लावलं. आणि काय सांगू, गाडी लडखडत का होईना, निघाली! आम्ही तिघं नाचलो. त्या वयात जेवढं नाचता येतं तेवढं.

तेवढ्यात हेतल आली. फिकट पिवळा ड्रेस, वर पांढरी ओढणी. उधन्याच्या टोकाला खुर्ची टाकून ऐटीत बसली, जशी रेल्वेची मोठी साहेबीण.

"हं. चालवा."

झेंडी हलली. शिट्टी झाली. भीमरावचं बोट लागलं. नानखटाया घेऊन गाडी सुटली. चालली! बारडोली आली, कारखाना गेला, डोंगराचा चढ लागला. शेंडकं उडवलं होतं तरी चढ तसाच होता. इंजिन चढलं, पहिला डबा चढला, दुसरा चढला...

"चढ, माझी माय, चढ!" भीमराव हात जोडून उभा.

चाकं फिरत होती पुढे. गाडी यायला लागली मागे.

आधी हळू. मग जरा जोरात. मग अशी सुटली की विचारू नका! बारडोली सोडली, थांबली नाही. उधना आलं, थांबली नाही. टेबल संपलं, तरी थांबली नाही! नानखटायांसकट अख्खी गाडी हेतलच्या मांडीवर!

भीमरावचे जोडलेले हात तसेच राहिले.

नटुभाई हळूच म्हणाला, "बेटा, गाडी रिटन तो आवी गई."

हेतलनं ओढणी उचलून उजेडात धरली. पांढऱ्या ओढणीवर दोन काळ्या रेघा. सरळ, शेजारी शेजारी, रुळांसारख्या. तिनं वास घेतला. मग मांडीवरची एक नानखटाई उचलून जराशी चाखली आणि थू करून टाकली.

"पप्पा, नानखटाईला मशीनचं तेल कशाला लावलं?"

नटुभाई माझ्याकडे वळला. भीमराव माझ्याकडे वळला. दोघं माझ्या तोंडाकडे नव्हते बघत हो, खिशाकडे बघत होते. कुपीची चोच बाहेर आली होती.

मी घाईनं ती आत दाबायला गेलो आणि बूड दाबलं गेलं. पिचकारी थेट नटुभाईच्या टकलावर!

"आप्पाऽऽ!" भीमराव ओरडला. "माझा डोंगर! तू माझा डोंगर फोडायला लावलास आन् तेल तू घातलंस?"

"अरे चुईं करत होती..."

"मी तुला चुईं करायला लावतो, थांब!"

तो टोपी घेऊन माझ्या मागे, मी टेबलाभोवती पुढे, मध्ये नटुभाई डोकं धरून, "अरे रूळ संभाळो, रूळ!" आणि हेतल? ती हसत सुटली. खुर्चीवरून खाली बसली, डोळ्यांतून पाणी, शब्द फुटेना. तिला बघून नटुभाई हसला. भीमराव हसायचं नाही म्हणून दात आवळून उभा होता, त्याच्या नाकातून हसू फुटलं. मी एकटाच गंभीर. मला अजूनही कळत नव्हतं की तेलानं वाईट काय झालं!

साडीवरचे तेलाचे डाग काढायचं औषध हेतलकडे असतंच. ती बाटली घेऊन आली, चिंध्या आणल्या आणि उधन्यापासून नंदुरबारपर्यंत रूळ मला पुसायला लावले. गुडघे टेकून! मग नटुभाईनं वीज दिली आणि गाडी भुर्रकन डोंगर चढून नंदुरबारला गेली आणि परत आली. कोणी बोटसुद्धा लावलं नाही.

खोली आमची राहिली. म्हणजे आमची आणि तिची. तिसरं मशीन खिडकीपाशी आलं. लेस लावता लावता ती मान वर करते आणि आता हिरवी झेंडी तीच हलवते. भीमराव नवा डोंगर करतोय, पहिल्यापेक्षा मोठा, मुद्दाम. मला ठरवून दिलं की गाडीपासून हातभर लांब बसायचं. जिन्यात रोज माझे खिसे तपासायचे. कुपी तर जप्तच झाली.

मी वचन दिलं. गाडीला तेल नाही, डब्यांना नाही, रुळांना नाही. आणि मी शब्दाचा पक्का माणूस आहे.

पण पंखा गाडीत येतो का? तुम्हीच सांगा. गेल्या आठवड्यात टेबलाच्या डोक्यावरचा, छताचा पंखा कुंईकुंई करत होता. हेतलच्या मशीनच्या तेलाची बाटली तिथेच पडली होती. स्टुलावर चढलो, जरा पाजलं आणि बटण दाबलं.

रंगपंचमी हो, रंगपंचमी! रूळ, डबे, ओला डोंगर, नटुभाईचं टक्कल, चहाचे कप, एकालाही सोडलं नाही पंख्यानं.

म्हणून सध्या खोली त्या तिघांची आहे आणि मी इथे टपरीवर तुमच्यासोबत बसलोय. दिवाळीपर्यंत वर यायचं नाही, असा हेतलचा हुकूम आहे. मुकाट्यानं पाळतोय. सुधारलोय मी आता.

फक्त तुमच्याखालचं हे बाकडं मघापासून फार कुरकुरतंय बुवा. जरा उठता का? एकच थेंब. आता नवी कुपी घेतलीय.